गोळीआधी साखरेची तपासणी

महोदय,
'ड' जीवनसत्त्वाची कमतरता आणि गरोदरपणातील मधुमेह यांचा संबंध मांडणारा आपल्या आरोग्य पुरवणीतील लेख वाचला. प्रत्येक गर्भवतीने या जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्याव्यात, या त्यातील सल्ल्याला माझा आक्षेप आहे. हे जीवनसत्त्व कमी असलेल्या स्त्रियांमध्ये असा मधुमेह अधिक आढळल्याचे अनेक पाहण्यांत दिसले असले, तरी स्थूलतेसारखे कारण दोहोंच्या मुळाशी असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीही सरसकट गोळ्यांच्या बाजूने नाहीत. कमतरतेची शंका असल्यास रोज २०० एकके, एवढीच त्यांची मात्रा आहे. याउलट, केंद्र सरकारच्या सूचनांनुसार पहिल्याच भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांदरम्यान, पोट रिकामे असो वा नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्तातील साखर मोजायची असते आणि ती १४० मिलिग्रॅम वा अधिक भरल्यास गरोदरपणातील मधुमेहाचे निदान होते. लेखात या साध्या तपासणीचा उल्लेखही नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रांत नोंदणी झालेल्या किती गर्भवतींची दुसरी तपासणी वेळेत होते, याचा शोध आपल्या वार्ताहरांनी जरूर घ्यावा.
– एक वाचक, सातारा