व्हॅक्सिन डेपोतून रस्ता मागणारं पत्र पाठवू नये, ही विनंती

नानावाडी, बेळगाव

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सोसायटीच्या कमिटीचे सर्व सदस्य

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या सभेला मी आले होते. आल्या आल्या हजेरीच्या कागदावर सही केली, सगळ्यांनीच केली. परवा नोटीस बोर्डावर महापालिकेला पाठवायच्या पत्राची प्रत लागली. आपल्या मागच्या गेटपासून, भिंतीपलीकडच्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीच्या आवारातून टिळकवाडीकडे रस्ता काढून द्यावा, अशी त्यात मागणी आहे आणि तिला आमच्या सह्यांचा तोच हजेरीचा कागद जोडला आहे. वर ‘संमती’ हा शब्द नंतर लिहिलाय, शाईसुद्धा वेगळी दिसते. सभेत रस्त्याचा विषय निघाला होता, हे खरं. पण ठराव मांडला गेला नाही, कुणाला हात वर करायला सांगितलं नाही. माझी सही त्यातून काढावी. हे तुम्ही मुद्दाम केलंत असं मी म्हणत नाही, घाईत झालं असेल. पण झालं ते चुकीचं आहे.

रस्ता का हवा, तेही मला ठाऊक आहे. सकाळी शाळेच्या व्हॅन, रिक्षा आणि दुधाच्या गाड्या एकाच वेळी समोरच्या बोळात अडकतात. तळमजल्यावरच्या आजींना दवाखान्यात न्यायची वेळ आली, तेव्हा अॅम्ब्युलन्स कोपऱ्यावरच थांबली आणि पोरांनी त्यांना खुर्चीत बसवून तिथपर्यंत नेलं. खुर्चीचा एक पाय मीही धरला होता. पण त्या रात्री बोळ अडवला होता तो दोन्ही बाजूंना लावलेल्या गाड्यांनी, आणि त्यातल्या निम्म्या आपल्याच सोसायटीच्या होत्या. पार्किंगमधल्या जागा जुन्या फर्निचरने आणि बंद पडलेल्या स्कूटरींनी भरल्यात, म्हणून गाड्या बाहेर लागतात. हे आपल्या हातात आहे. त्यासाठी डेपोतली झाडं कशाला हवीत?

डेपो म्हणजे नुसती मोकळी जागा पडलीय, असं सभेत एकजण म्हणाले. मला ते फार लागलं. ब्रिटिश अमदानीत, बेळगाव मुंबई इलाख्यात होतं तेव्हा, इथे देवीच्या रोगाची लस तयार व्हायची. वासरांच्या अंगावर ती लस वाढवत, म्हणून जागा ऐसपैस लागायची. 1980 मध्ये जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं आणि त्या लशीची गरज संपली, पण आवार आणि झाडं राहिली. शहर चहूबाजूंनी वाढत गेलं आणि एवढा एक हिरवा तुकडा मधे उरला. स्मार्ट सिटीची कामं इथे सुरू झाली, तेव्हा याच शहरातली माणसं विरोधाला उभी राहिली होती. त्यांना आता आपण काय तोंड दाखवणार?

आपल्या मागच्या भिंतीवर पावसाळ्याच्या तोंडाला मोर येऊन बसतो, तो तुम्हीही पाहिला असेल. मी पहाटे साडेपाचला चहा ठेवते तेव्हा त्याचं ओरडणं सुरू होतं. गेल्या महिन्यात तो आमच्या खिडकीपासून जेमतेम दहा हातांवर होता, पिसारा ओला होऊन दोरखंडासारखा लोंबत होता आणि तो एकेक पीस चोचीत धरून सावकाश निथळवत होता. माझा नातू कितीतरी वेळ एका पायावर उभा राहून ते बघत होता.

आणि पाणी. 2019 च्या ऑगस्टमधला पाऊस कुणी विसरलेलं नसेल. बळ्ळारी नाल्याकडची शिवारं बुडाली आणि आपल्या पार्किंगमध्येही गुडघाभर पाणी भरलं. जिन्याजवळच्या खांबावर त्याची पिवळट रेघ अजून आहे. काँक्रीटच्या आवारातलं पाणी काढायला आपल्याला दोन दिवस पंप लावावा लागला. भिंतीपलीकडे झाडांखालची माती दुसऱ्या दिवशीच चालता येईल इतकी मोकळी झाली होती. ते पाणी जमिनीत मुरलं. 1924 साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन झालं, त्यासाठी टिळकवाडीत खणलेल्या विहिरीचं आपल्याला अजून कौतुक आहे. विहिरींना पाणी येतं ते मुरलेल्या पावसाचंच ना? उतारावर डांबर टाकलं की तेच पाणी आधी आपल्या गेटमधून आत येईल.

रस्ता एकदा झाला की तेवढ्यावर थांबत नाही, हे बेळगावकरांना सांगायला नको. खानापूर रस्त्याची दुतर्फा सावली आठवा. रुंदीकरणात ती झाडं गेली आणि आता दुपारी त्या रस्त्याने जाताना डोळे दिपतात. हलगा-मच्छे बायपासमध्ये जाणाऱ्या पिकाऊ जमिनी वाचवायला आपल्याच शेजारच्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं झगडा दिला, कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. त्यांच्यावर रस्ता वरून लादला गेला होता. आपण मात्र तो स्वतःहून मागतोय.

माझी सगळ्यात मोठी भीती हीच आहे. कर्नाटकच्या 1976 च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे शहरातलं झाड तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि झाडं 50 हून जास्त असतील तर जाहीर नोटीस काढून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. हरकत घेण्याचा तो हक्क सगळ्यात आधी डेपोच्या भिंतीला भिंत लागलेल्या आपल्यासारख्यांचा. उद्या अशी नोटीस निघाली आणि आपण हरकत घेऊन गेलो, तर साहेब फाइल उघडून आपलंच पत्र समोर ठेवतील. आज लाल पेनने ‘संमती’ लिहिलेला तो कागद उद्या प्रत्येक झाडामागे दाखवला जाईल.

म्हणून विनंती अशी, की पत्र पाठवलं नसेल तर ते थांबवा आणि पाठवलं असेल तर मागे घेतल्याचं दुसरं पत्र द्या. पंधरा दिवसांत खास सभा बोलवा, भाडेकरूंनाही बसू द्या, विषय आधी लेखी कळवा आणि मत हात वर करून घ्या. बोळातलं पार्किंग आणि अॅम्ब्युलन्सची वाट हा विषय त्याच सभेत पहिला असावा. पार्किंगमधलं अडगळीचं सामान काढायला एक रविवार ठरवा. आमची गंजलेली सायकल आणि जुनं कपाट मी या शनिवारीच हलवते आहे. बोळाच्या एका बाजूला पार्किंग बंद करावं, असा पोलिसांच्या वाहतूक शाखेला अर्ज लिहून ठेवला आहे. तुमची सही झाली की मी स्वतः नेऊन देते आणि पोच आणते.

उत्तर लेखी द्यावं. मी संध्याकाळी सहानंतर घरीच असते.

आपली नम्र,
फ्लॅट 304 मधील सभासद