गायरानावर खड्डे कशाला, गवत लावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा तोंडावर आला की गायरानांवर झाडे लावण्यासाठी खड्डे खणणे सुरू होते आणि दोन-तीन वर्षांनी ‘मातीतला सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्या-मुळ्यांतून आलेला कार्बन) वाढला’ असा अहवाल येतो. माण, सांगोला, करमाळा भागातल्या मुरमाड माळांचा असा अहवाल हाती पडला, तर नमुना नेमका कुठून घेतला ते आधी विचारावे. ४५ सेंमीच्या खड्ड्यात शेणखत नि गाळ भरलेला असतो. रोपाच्या बुडातली माती तपासली तर कर्ब दिसणारच, तो आपणच घातलेला असतो. दोन रोपांमधल्या मोकळ्या जागेतला आणि शेजारच्या लागवड न केलेल्या माळावरचाही नमुना हवा. सगळे ० ते १५ सेंमी खोलीचे, एकाच हंगामातले. शिवाय प्रयोगशाळा २ मिमीच्या चाळणीतून गळलेल्या मातीतलाच कर्ब मोजते. वजनाने निम्मे खडे असलेल्या जमिनीत ०.६ टक्के हा आकडा सरसकट धरला, तर हिशेब दुपटीने फुगतो.

वरची माती जेमतेम वीतभर असते तिथे खड्डे नि चर खणले की मुरूम वर येतो, चांगली माती खाली गाडली जाते आणि असलेले गवतही मोडते. ५०० मिमीच्या आसपास पाऊस पडणाऱ्या माळावर माती धरून ठेवतात त्या गवताच्या तंतुमुळ्या. त्यातल्या बऱ्याच दरवर्षी मरतात, तिथेच कुजतात आणि खोदकाम न करता जमिनीत कर्ब घालतात.

म्हणून उथळ जागी अंजन गवत पेरावे, खोलगट जागी मारवेल गवताचे ठोंब लावावेत. अंजनाचे बी हेक्टरी ५ किलोच्या आसपास पुरते. पण ते कुसाळ, वाऱ्याने उडते. एक भाग बी, तीन भाग चिकणमाती, एक भाग शेण, एक भाग वाळू असे पाण्यात कालवून गोळ्या कराव्यात आणि पहिल्या पावसावर ५० सेंमीच्या ओळींत टाकाव्यात. बी एक सेंमीपेक्षा खोल गेले की कोंब वर येत नाही. दुसरी नेहमीची फसगत ताज्या बियाण्याची : ते सुप्तावस्थेत असते, त्यामुळे गेल्या हंगामातले साठवलेले बी घ्यावे. नत्रासाठी सोबत स्टायलो हे द्विदल चारापीक पेरावे. त्याचे कवच कठीण असल्याने बी ८० अंशांच्या पाण्यात चार-पाच मिनिटे बुडवून घ्यावे. युरिया मात्र सुरुवातीला नकोच, तो तण आधी खाते.

पहिले वर्ष कडक चराईबंदी. पुढे बी झडल्यावर दहा सेंमी बुडखा राखून कापणी. वर्षानुवर्षे न कापता राखले तर वाळक्या गवताखाली नवे फुटवे दबतात आणि वणव्याला सरपण मिळते.

कर्बाचा आकडा हलायला वर्षे लागतात, पाणी मुरण्याचा वेग त्याआधी बदलतो. ३० सेंमी व्यासाचा लोखंडी पाइप १० सेंमी जमिनीत ठोकून पाणी ओतावे आणि पातळी किती मिनिटांत किती उतरते ते लिहून ठेवावे. हे ग्रामपंचायतीलाही जमेल.

नुसत्या कर्बावर भाळण्यातही अर्थ नाही. कच्छच्या बन्नी या गवताळ प्रदेशात १९६०च्या दशकात वेडी बाभूळ लावली गेली. तिच्या पाल्याने खालच्या मातीतला कर्ब वाढतो, पण सावलीत चाऱ्याचे गवत तगत नाही. मग गुरांनी खायचे काय?

यंदाच्या वृक्षलागवडीच्या अंदाजपत्रकांत रोपांबरोबर गवताचे बी आणि लागवडीआधीची ही मोजणी, दोन्हींसाठी तरतूद करावी.

आपला,
एक वाचक, सांगोला