लेसरआधी त्वचेचा रंगही पाहा

रविवारच्या पुरवणीतील मुरुमांच्या खड्ड्यांवरील लेसर उपचारांविषयीचा लेख वाचला. माहिती उपयुक्त आहे. पण आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या त्वचेचा मुद्दा त्यात सुटला, आणि खरी मेख तिथेच आहे. फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेसर त्वचेत सूक्ष्म जखमा करतो. त्या भरताना नवे कोलॅजन, म्हणजे त्वचेला भरीवपणा देणारे प्रथिन, तयार होते आणि खड्डे उथळ होतात. मात्र त्याच उष्णतेने सावळ्या त्वचेतील रंगद्रव्य वाढून गालांवर काळपट चट्टे उमटू शकतात आणि ते जायला कित्येक महिने लागतात. म्हणूनच जाणकार त्वचारोगतज्ज्ञ लेसरची तीव्रता बेताची ठेवतात, दोन सिटिंगमध्ये साधारण चार ते सहा आठवडे जाऊ देतात आणि उन्हापासून जपायला बजावतात. सुईने टोचल्यासारख्या अरुंद, खोल खड्ड्यांत तर थेट टीसीए (ट्रायक्लोरोअॅसेटिक अॅसिड) हे आम्ल लावणे अनेकदा लेसरपेक्षा उपयोगी ठरते.

आमच्या भागातल्या एका पार्लरच्या फलकावर मात्र ‘लग्नसराई ऑफर : एका सिटिंगमध्ये डाग गायब’ एवढेच लिहिले आहे. लग्न तीन आठवड्यांवर आलेली मुलगी त्याला भुलली, तर दोष तिला कसा द्यायचा? उपचार करणाऱ्याकडे महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेची नोंदणी आणि त्वचारोगातील पदव्युत्तर शिक्षण आहे का, हे आधी विचारावे, अशी एक छोटी चौकट लेखासोबत हवी होती. ती पुढील अंकात द्यावी, ही विनंती.

– एक वाचक, सातारा