स्मशानाच्या गेटवर कॅमेरे कशाला?

संपादक साहेब,

कोणी मोठा कलाकार गेला की लोक रडतात, त्याची टिंगल करणाऱ्यांतला मी नाही. ६ फेब्रुवारी २०२२ ला लतादीदी गेल्या, संध्याकाळी शिवाजी पार्कला अंत्यसंस्कार झाले, तेव्हा आमच्या चाळीतल्या आज्या टीव्हीसमोर डोळे पुसत बसल्या होत्या, जन्मभर रेडिओवर ज्यांचा आवाज ऐकला त्या गेल्यावर ओळखदेख नसली तरी रडू येणारच ना. पण आता सेलिब्रिटी गेला की स्मशानाच्या गेटवर मोबाईल वर करून उभी असलेली गर्दी, गाडीतून उतरणाऱ्या बायकापोरांना नावाने हाका मारणारे फोटोग्राफर, आणि त्यात एखादी हिरॉईन जरा हसलेली दिसली की दिवसभर तिला शिव्या, हे काय चाललंय? श्रीदेवी गेल्या तेव्हा तर चॅनलवाल्यांनी चक्क बाथटब दाखवले!! आणि व्हॉट्सअ‍ॅपवाले तर जिवंत माणसाला पण श्रद्धांजली वाहून मोकळे होतात (आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हे नेहमीचंच आहे).

इरफान खान लॉकडाऊनमध्ये गेले, वर्सोव्याच्या कब्रस्तानात मोजकीच माणसं होती, म्हणून त्यांच्यावरचं लोकांचं प्रेम कमी झालं का?

अंत्यदर्शन ठेवायचं तर घरच्यांनी ठेवावं, लाईन लावून लोक शांतपणे जातील. पण स्मशानापासून निदान शंभर मीटरवर पोलिसांनी कॅमेरे अडवावेत, आणि तुमच्या पेपरनेही रडणाऱ्या मुलांचे क्लोजअप छापू नयेत, ही विनंती.

एक वाचक, गिरगाव