रविवारी चमचे घासून आणू नका

सभासदहो, रविवारच्या बैठकीला डब्यातून चहापत्ती काढायचे आपापले चांदीचे चमचे आणा, पण पॉलिश न करता. मागच्या खेपेला माझ्याच एका चमच्यावरचा बर्मिंगहॅमच्या चांदी-तपासणीचा छाप, म्हणजे जहाजाचा नांगर, घासून घासून ठिपक्याएवढा उरला होता. हे चमचे पत्र्यासारखे पातळ, जॉकीच्या टोपीच्या घाटाचे तर फारच.

भिंग विसरू नका. 1784 ते 1890 मधल्या इंग्लिश चमच्यावर चालता सिंह (चांदीच्या शुद्धतेची खूण) आणि वर्षाच्या अक्षरासोबत बहुधा राजाचं किंवा राणीचं मुख सापडतं. ती कर भरल्याची खूण. जुन्या टीस्पूनची दांडी कापून, वाटी ठोकून शिंपल्याच्या घाटाचे केलेले बनावट नगही बाजारात फिरतात. छाप ताणलेला दिसला तर पैसे देण्याआधी गटात दाखवा. मऊ कापडात गुंडाळा, रबरबँड नको, चांदी काळी पडते.