काशीला निघालीस, भीड घरी ठेवून जा

सातारा

चि. मुग्धा,
अनेक आशीर्वाद.

फोनवर मी काही सांगायला लागले की तू "हो गं आई, माहितीये" म्हणतेस आणि विषय तिथेच मिटतो. म्हणून हे पत्र. गाडीत निवांत बसलीस की वाच, ईशालाही वाचून दाखव.

तू पाठवलेल्या राहण्याच्या तिन्ही जागा मी आणि बाबांनी बसून पाहिल्या. त्यातली दुसरी आधी काढून टाक. ती सगळ्यांत स्वस्त आहे, फोटोही सगळ्यांत देखणे आहेत, त्यामुळे तुला आवडली असणार. पण बाल्कनीचा फोटो पुन्हा बघ. त्याच्याखाली लिहिलंय, 'खोलीतून दिसणारा गंगेवरचा सूर्यास्त'. अगं, काशीत गंगा उत्तरेकडे वाहते आणि सगळे घाट तिच्या पश्चिम काठावर आहेत. घाटावर उभं राहिलं की तोंड पूर्वेला होतं. सूर्य पलीकडच्या वाळूवरून वर येतो आणि संध्याकाळी आपल्या पाठीमागे, घरांच्या आड मावळतो. पहाटे तुझी आजी अर्घ्य देत होती तेव्हा मी तिच्या शेजारी गुडघाभर पाण्यात उभी होते, म्हणून हे माझ्या पक्कं लक्षात आहे. तो फोटो दुसऱ्याच कुठल्या तरी नदीचा आहे.

तरी खात्री करावी म्हणून मी तिथे फोन लावला. विचारलं, रिक्षा दारापर्यंत येते का, की कुठे उतरून चालावं लागतं? जवळचा घाट कोणता? रात्री दार किती वाजता लावता? तिथे खरोखर राहणारा माणूस अशा प्रश्नांना भरभरून उत्तरं देतो. पहिल्या जागेच्या मालकीणबाईंनी मला वळणं मोजून सांगितली, वाटेतलं मिठाईचं दुकानसुद्धा सांगितलं. हा माणूस मात्र एकच बोलत राहिला, "मॅडम, पहले पूरा पेमेंट डाल दीजिए, एक ही रूम बचा है." घाटाचं नावसुद्धा त्याला धड सांगता आलं नाही.

बाबांनी वर्तमानपत्रातलं एक कात्रण जपून ठेवलं होतं, ते तुला पाठवते. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने खास यात्रेकरूंसाठी इशारा दिला होता. केदारनाथचं हेलिकॉप्टर, चारधामच्या गाड्या, तीर्थक्षेत्रांतली अतिथीगृहं या सगळ्यांच्या नावाने हुबेहूब खोट्या वेबसाइट निघतात. लोक पैसे भरतात, पावतीही येते, आणि पोचल्यावर कळतं की असं बुकिंगच नाही. नकाशावर दिसणारा फोन नंबरही डोळे झाकून खरा मानू नकोस, कारण तिथला नंबर बदलायची सूचना कोणीही टाकू शकतो. दोन-तीन ठिकाणी तोच नंबर दिसतो का ते ताडून बघ. आणि 'रिफंड देतो, हा कोड स्कॅन करा' असं कोणी म्हणालं की फोन ठेवून दे. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, पैसे घेताना कधीच लागत नाही. चुकून पैसे गेलेच तर आम्ही काय म्हणू याचा विचार करत बसू नकोस, त्याच मिनिटाला १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन कर. जितक्या लवकर तक्रार होते तितकी ते पैसे मध्येच अडवता येण्याची शक्यता जास्त. आम्हाला मागाहून सांग, आम्ही रागावणार नाही.

आता जी गोष्ट तुला कधी सांगितली नाही ती सांगते.

१९९४ च्या कार्तिकात आम्ही आजीला काशीला नेलं. नाथमहाराजांनी भागवत काशीतच पुरं केलं, म्हणून ती जमीन एकदा बघायची असा तिचा वर्षानुवर्षांचा ध्यास होता. बाबांनी दोन महिने आधी कार्ड टाकून एका धर्मशाळेत खोली ठरवली होती. धर्मशाळेचं उत्तर आलं होतं, ते माझ्या पिशवीत होतं. कॅन्ट स्टेशनबाहेर पडलो, अंधारच होता. एक रिक्षावाला पुढे आला, आजीच्या पाया पडला, तिची वळकटी उचलली. बाबांनी धर्मशाळेचं नाव सांगताच म्हणाला, "वह तो बंद है बाबूजी, दो महीने से काम चल रहा है." आणि त्याने आम्हाला एका गल्लीतल्या लॉजवर नेलं. खोलीला खिडकी नव्हती, दाराची आतली कडी तुटलेली होती आणि भाडं धर्मशाळेच्या कितीतरी पट. मी रात्रभर दाराला ट्रंक लावून बसले.

दुसऱ्या दिवशी देवळाकडे जाताना वाटेत ती धर्मशाळा दिसली. उघडी होती. व्यवस्थापक म्हणाले, "रात्री उशिरापर्यंत तुमची वाट पाहिली, मग खोली दुसऱ्यांना दिली."

पत्र पिशवीत असताना मी ते बाहेर का काढलं नाही, हे मी आजही स्वतःला विचारते. त्या माणसाने वळकटी उचलली होती, पायाला हात लावला होता. त्याच्यावर अविश्वास कसा दाखवायचा, एवढाच विचार मनात होता. माझी आई नेहमी म्हणायची, भीड ही भिकेची बहीण. तिचं ऐकूनही मी तुला लहानपणापासून उलटंच शिकवत आले. कोणी काही दिलं तर नको म्हणू नये, वाईट वाटेल. मोठ्या माणसाचं बोलणं मध्येच तोडू नये. ओळख नसली तरी हसून उत्तर द्यावं. घरात, शेजारात हे सगळं खरं आहे. पण स्टेशनबाहेर आणि घाटावर हे मी परत घेते. तिथे जो आपणहून पुढे येतो, त्याला तू उत्तर देणं लागत नाहीस. "नहीं चाहिए" म्हणायचं आणि पाय थांबवायचे नाहीत. उद्धट दिसलीस तरी चालेल, मला चालेल.

तुमची गाडी पहाटे चारला पोचते. उजाडेपर्यंत स्टेशनातून बाहेर पडू नका. बायकांच्या वेटिंग रूममध्ये बसा, चहा प्या. गाडीत काही अडचण आली तर १३९. सहा वाजता निघालात तरी काशी कुठे जात नाही. बाहेर "पहली बार आए हैं?" असं हमखास विचारतील. आत्या इथे राहते म्हणून सांगा. एवढं खोटं बोलायला माझी परवानगी आहे. तुमचं लॉज बंद पडलंय, भरलंय, तिथे चोरी झाली असं कोणी म्हणालं, तर त्याच्यासमोरच लॉजला फोन लावा. जुन्या शहरात चालणाऱ्या लॉजच्या नावासारखंच नाव, एखादा शब्द मागेपुढे करून, शेजारच्या गल्लीत लावलेलं असतं. म्हणून पाटीवरच्या नावावर जाऊ नका, पत्ता आणि मालकीणबाईंचा आवाज ताडून पाहा.

पहिली जागाच घ्या असं माझं मत आहे. तिसरी बंगाली टोल्याच्या आत आहे. दिवसा त्या गल्ल्यांसारखं सुंदर काही नाही, पण दुकानं बंद झाली की सगळी वळणं सारखी दिसतात, आणि रिक्षा गोदौलिया चौकापाशीच सोडते. पहिली अस्सी-भदैनीकडची, तिथे गाडी बरीच आतपर्यंत येते. झाशीच्या राणीचा जन्म त्या भदैनीतलाच, तिचं स्मारकही जवळ आहे, तेवढं बघून या. जागेबद्दलचे अभिप्राय वाचताना पाच तारेवाले सोडून दे, एक-दोन तारेवाले वाच, आणि त्यातही बायकांनी लिहिलेले. 'पाणी गार होतं' अशी तक्रार असेल तर असू दे. 'रात्री कोणीतरी दार वाजवलं' अशी एकही असेल तर ती जागा नको. खोली दाखवली की सामान आत टाकायच्या आधी कडी लावून बघा, खिडकी बंद होते का बघा, जिना कुठे उतरतो ते बघा. नाही पटली तर खाली या आणि सांगा. पैसे भरलेत म्हणून राहायचं नाही. ओळखपत्र म्हणून पहिले आठ आकडे झाकलेलं आधार चालतं, ते डाउनलोड करून ठेव. मूळ कार्ड कोणाच्या ताब्यात ठेवू नका.

मंदिराचा परिसर आता पार बदललाय. आम्ही गेलो तेव्हा दोन माणसं शेजारून जाऊ शकत नव्हती. १३ डिसेंबर २०२१ ला नवा कॉरिडॉर खुला झाला, आता थेट गंगेवरून मंदिरात जाता येतं. अहिल्याबाईंनी १७८० मध्ये बांधलेलं मंदिर मात्र तेच. आत मोबाइल नेऊ देत नाहीत, त्यामुळे बाहेरचे दुकानदार 'फोन इथे फुकट ठेवा' म्हणतात आणि मग पूजेच्या ताटाचे भरमसाट पैसे सांगतात. फोन लॉजवरच ठेवून जा. लवकर दर्शन करवतो म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नका. ज्याला सुगम दर्शन म्हणतात त्याची पावती मंदिराच्या न्यासाकडून मिळते, गल्लीतल्या माणसाकडून नाही. दशाश्वमेधची आरती पायऱ्यांवर बसून बघायला काही पडत नाही. कोणी हात मिळवायला पुढे केला तर मिळवू नका. धरलेला हात दाबायला लागतात आणि मालिशचे पैसे मागतात.

नावेत बसण्याआधी चार गोष्टी बोलून घ्या: पैसे माणशी की पूर्ण नावेचे, किती वेळ, कुठून कुठपर्यंत, आणि लाइफ जॅकेट आहे ना. त्रिपुरी पौर्णिमा उलटल्यावर जाताय ते फार बरं केलंत. देवदिवाळीला नावा आणि खोल्या दोन्हींचे भाव कुठल्या कुठे जातात.

मणिकर्णिका या स्मशानघाटाबद्दल थोडं जास्त लिहिते. तिथे एक माणूस हळू आवाजात बोलत तुमच्याजवळ येईल. तिथे मरणाची वाट पाहत पडलेल्या गरीब म्हाताऱ्यांची सेवा करतो म्हणेल, त्यांना जाळायला लाकूड नाही म्हणेल, एका किलोचा भाव सांगेल आणि किती किलोचं पुण्य घेता म्हणून विचारेल. कधीकधी एखादी म्हातारी समोर आणून उभी करतात, ती डोक्यावर हात ठेवते. आजीने पदराच्या गाठीतली पाचशेची नोट सोडून दिली होती. भाजीच्या पैशांतून वाचवलेली. आम्ही काही बोललो नाही, तिचं पुण्य तिचं. संध्याकाळी तोच माणूस चहाच्या टपरीवर दोघातिघांत बसून नोटा मोजत होता, आणि आजीनेच त्याला आधी पाहिलं. परत साताऱ्याला येईपर्यंत ती त्यावर एक शब्द बोलली नाही. जाईपर्यंत कधीच बोलली नाही. पैसे गेल्याचं मला काही वाटलं नाही. तिची काशी त्या टपरीवर विटाळली, ते मात्र मला अजून सलतं. तुम्ही मणिकर्णिका नावेतून, लांबून बघा. फोटो काढू नका, ती कोणाची तरी माणसं आहेत.

शालूचं मन तू बोलून दाखवलंस. तुझ्या मामेबहिणीच्या लग्नाचा शालू काशीहून यावा असं मलाही वाटतं, पण या खेपेला नको. नुसती दुकानं बघ, हात लावून बघ, भाव विचार. रिक्षावाला किंवा नावाडी 'विणकराच्या घरी नेतो, कारखान्याच्या भावात मिळेल' म्हणाला तर समज की त्याचा हिस्सा शालूच्या किमतीत धरलेला आहे. बनारसी साडीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी यंत्रमागावरचं कृत्रिम सूत कातान, म्हणजे अस्सल रेशीम, म्हणून सर्रास विकतात. पदराच्या झालरीतला एक धागा मागून घ्यायचा आणि पेटवायचा. रेशीम असेल तर केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरते. कृत्रिम धागा वितळून टणक मणी होतो. धागा द्यायला दुकानदार कुरकुरला तर पाणी पिऊन बाहेर पड. रेशमाच्या खात्रीचं सिल्क मार्कचं लेबल आणि हातमागाचं चिन्ह दोन्ही वेगवेगळी असतात, तेही विचारून घे. पुढच्या वर्षी आपण दोघी जाऊ शालूला.

हे सगळं वाचून घाबरू नकोस. मालकीणबाईंसारखी माणसं तिथे जास्त आहेत. आम्हाला त्या लॉजमधून बाहेर काढून ब्रह्मा घाटाजवळच्या एका मराठी घरात नेलं ते एका दूधवाल्याने, आणि त्याने एक पैसा घेतला नाही. त्याला मीच हाक मारली होती. मदत हवी असली की समोरच्याची वाट न पाहता तूच माणूस निवड: मुलाला घेऊन चाललेली बाई, दुकानात बसलेली आजी, गणवेशातला शिपाई. आणि अगदीच वाटलं तर ११२, किंवा उत्तर प्रदेशातली बायकांसाठीची १०९०. पर्यटकांसाठी १३६३ आहे. हे सगळे नंबर कागदावर लिहून पर्समध्ये ठेव, फोनची बॅटरी संपते.

खोलीत शिरलीस की खोलीचा नंबर आणि मालकीणबाईंचा फोन कळव. नंतर दिवसातून एकदा रात्री बोललीस तरी पुरे. मधेमधे मी फोन करणार नाही.

तिसऱ्या दिवशी जमलं तर पहाटे पंचगंगा घाटावर जा. आजीने कार्तिकस्नान तिथे केलं होतं. पायऱ्यांवर मुली द्रोणात दिवे घेऊन बसतात, किंमत आधी विचार, आणि आजीच्या नावाने एक दिवा सोड.

तुझी
आई