चार आवाज कुठे गेले?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला प्रोग्रेसिव्ह रॉकवरचा, म्हणजे गुंतागुंतीच्या, प्रयोगशील रॉक संगीतावरचा लेख वाचला. 'जेंटल जायंट' या ब्रिटिश बँडचा १९७८ चा 'जायंट फॉर अ डे' हा अल्बम पंकच्या, म्हणजे साध्या आणि आक्रमक रॉकच्या लाटेमुळे फसला, असं त्यात म्हटलं आहे. मला ते पटलं नाही. गाणी सोपी केली म्हणून काही बिघडलं नसतं. पण त्यांनी आपले आवाजच टाकून दिले.

मी मिरजेत चर्चच्या क्वायरमध्ये ३० वर्षं आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाज, गाते आहे. माझा मोठा भाऊ बोटीवर नोकरीला होता. त्याने आणलेल्या रेकॉर्डींमध्ये १९७२ चा 'ऑक्टोपस' होता. त्यातलं 'नॉट्स' हे चार आवाजांत गुंफलेलं गाणं पहिल्यांदा ऐकलं, त्या दिवशी सुई पुन्हा पुन्हा मागे नेऊन ठेवली. एक आवाज ओळ अर्ध्यावर सोडतो, दुसरा तिथूनच ती उचलतो, तोवर तिसरा मध्येच शिरलेला असतो. कोण कुठे चाललाय कळत नाही आणि अचानक सगळे एका जागी येऊन थांबतात. नाताळचं चार आवाजांतलं एक साधं गीत बसवायला आम्हाला दोन महिने प्रॅक्टिस लागते. त्यामुळे यामागची मेहनत मला कळते.

'जायंट फॉर अ डे'वर बहुतेक गाण्यांत मुख्य गायक डेरेक शुलमन एकटे पुढे आणि बाकीचे मागे. कीबोर्ड वाजवणारे केरी मिनिअर यांचा तो मऊ आवाज मी रेकॉर्डच्या दोन्ही बाजूंवर शोधत राहिले.

वाईट याचं वाटतं की पॉप म्हणजे काय हे या माणसांना चांगलं ठाऊक होतं. शुलमन बंधूंचा आधीचा बँड पॉपचाच. १९६७ मध्ये 'काइट्स' हे त्यांचं गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या दहांत गेलं होतं. तसल्या गाण्यांना कंटाळूनच तर १९७० मध्ये 'जेंटल जायंट' उभा राहिला. लोकांना आवडलो नाही तरी चालेल, पण संगीताच्या सीमा रुंदावू, असं त्यांनी १९७१ च्या अल्बमवर छापलं होतं. तेच लोक सात वर्षांनी मुखपृष्ठावर कापून तोंडावर लावायचा राक्षसाचा मुखवटा देतात, आणि आत कुणीही वाजवावीत अशी गाणी! ड्रमर जॉन वेदर्स यांनी गायलेलं 'फ्रेंड्स' मात्र मनापासूनचं आहे. साधंच आहे, पण खरं वाटतं.

लेखकांना विनंती, पंकला दोष देण्याआधी या दोन रेकॉर्डी एकाच संध्याकाळी लागोपाठ ऐकाव्यात. आधी 'ऑक्टोपस'.

– एक वाचक, मिरज